मंडळी आणि मतपेटी

मी पहिले मत दिले ते मार्च 1977 मध्ये. मतदानाला तेव्हा एकवीस वर्षे पुरी व्हावी लागत आणि माझी नुकतीच झाली होती. आदल्या रात्री वडिलांनी कौटुंबिक प्रार्थना नेहमीपेक्षा लांबवली. मत कोणाला द्यायचे हे त्यांनी सांगितले नाही. उद्या शिक्का मारताना पडद्याआड तुला कोणी पाहणार नाही, पण देव पाहील, एवढेच ते म्हणाले. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, मंडळीत पंच होते आणि आपले मत त्यांनी आयुष्यभर आईलासुद्धा सांगितले नाही. पुढे मीही शिक्षक झालो, पंच झालो. आता दोन्हींतून मोकळा झालो आहे, आणि त्या पहिल्या शिक्क्यापासूनचा काळ एकदा नीट चाळून पाहावा असे वाटते आहे.

मी जुन्या मताचा ख्रिस्ती आहे. पवित्र शास्त्र हे देवाचे वचन आहे, येशू ख्रिस्तावाचून तारण नाही, विवाह एका पुरुषाचा एका स्त्रीशी आणि जन्मभराचा, आणि आईच्या पोटातले मूल हे माणूसच, या चार गोष्टींवर माझे मन कधी डळमळले नाही. शहरातल्या शिकलेल्या मित्रांना ही मते मागासलेली वाटतात. दुसऱ्या काही मित्रांना ती परकी वाटतात, अमेरिकेतून आलेली. त्यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले, 1831 मध्ये नगरला आले आणि 1842 मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. माझ्या पणजोबांना अक्षर ओळखायला त्यांनी शिकवले. पण आमच्या उपासनेत जी पदे आम्ही टाळ-पेटीवर म्हणतो ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण छापून बाहेर आले. शंभर-सव्वाशे वर्षे जी श्रद्धा घेऊन आम्ही आपल्याच भाषेत रडलो आणि गायलो, ती परकी कशी म्हणावी? परके जे आहे ते निराळेच आहे. त्याच्याविषयी पुढे लिहितो.

आणीबाणी लागली जून 1975 मध्ये. त्यानंतरच्या काही रविवारांत आमच्याकडे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय दोनदा वाचला गेला. अधिकार देवाने नेमलेले असतात, त्यांच्या अधीन राहावे, असा त्याचा आशय. तो अध्याय खरा आहे आणि मी तो मानतो. पण शास्त्रात प्रकटीकरणाचाही तेरावा अध्याय आहे आणि तिथे सत्तेला श्वापदाचे रूप आले आहे. तो कोणी वाचला नाही. दावीद राजाच्या तोंडावर त्याचे पाप सांगणारा नाथान त्या दीड-पावणेदोन वर्षांत आमच्या व्यासपीठावर एकदाही आला नाही.

1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एरवी असा पहिला कायदा केल्याची नोंद आपल्याच राज्याच्या नावे झाली असती. माणसाचे शरीर देवाची निर्मिती आहे, कुटुंब सरकारच्या आधीचे आहे, असे शिकवणाऱ्या आम्ही परंपरावाद्यांनी तेव्हा सर्वांच्या पुढे उभे राहायला हवे होते. आम्ही गप्प बसलो. शाळेचे अनुदान, परदेशातून येणारा पैसा, मिशनच्या जमिनींचे कागद, सगळे सरकारच्या टेबलावर होते. भीती खोटी नव्हती, पण भीतीला आम्ही अधीनतेचे नाव दिले आणि तेवढ्यासाठी वचनाचा आधार घेतला. याची मला लाज वाटते. केरळचे एम. एम. थॉमस त्या काळात आणीबाणीविरुद्ध उघडपणे लिहीत राहिले. त्यांचे ईश्वरविज्ञान मला पटत नाही. तारणाचा अर्थ ते फार रुंद करतात असे माझे मत आहे. पण नाथानाचे काम त्या वेळी केले ते त्यांनी, माझ्या मताच्या लोकांनी नव्हे.

मग आमच्यावर आले. ओरिसाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये धर्मांतरावर कायदे केले होते. जानेवारी 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्वाळा दिला. पुढे डिसेंबर 1978 मध्ये ओमप्रकाश त्यागी यांनी लोकसभेत तसेच विधेयक साऱ्या देशासाठी मांडले. तेव्हा मात्र देशभरची मंडळी जागी झाली. मदर तेरेसांनी पंतप्रधान मोरारजी देसाईंना खुले पत्र लिहिले. आम्हीही पत्रकांवर सह्या केल्या, उपास केले. सरकार 1979 च्या जुलैत पडले आणि विधेयक तिथेच राहिले.

आम्ही देवाचे आभार मानले आणि ते रास्तच होते. सुवार्ता सांगण्याचा हक्क हा माझ्या लेखी जगण्याइतका मोलाचा आहे. संविधान सभेत कन्हैयालाल मुन्शींसारख्या हिंदू सभासदांनी ‘प्रसार’ हा शब्द ख्रिस्ती लोकांसाठी राखला आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी आपल्या राखीव जागा आपण होऊन सोडल्या. त्या दोन्ही गोष्टींत परस्पर विश्वासाचा एक करार होता आणि तो मोडू नये असे मला आजही वाटते. पण वडील तेव्हा एक वाक्य बोलले ते काट्यासारखे रुतून राहिले. लोकांना पकडून नेत होते तेव्हा आपण सह्या का केल्या नाहीत, असे त्यांनी विचारले. पंचांच्या बैठकीत त्यावर कोणी बोलले नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या रूपात 1980 च्या दशकात समोर आला. जन्माआधीच मुलगा की मुलगी सांगणारी तपासणी गावोगाव पोचली. आता थोडे पैसे खर्चा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती रेल्वेच्या डब्यांत दिसू लागल्या. मुंबईत स्त्री-संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले, त्यांनी दोन-तीन वर्षे धडक दिली आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, 1994 चा.

त्या लढ्यात आमची मंडळी नव्हती. पोटातल्या मुलाला माणूस मानणारे आम्ही. दर रविवारी तसे बोलणारे आम्ही. पण त्या मोर्च्यांतल्या बायका गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या होत्या, बहुतेक देव न मानणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी उभे राहणे आम्हाला जड गेले. त्यांच्याशी सगळ्या बाबतीत एकमत व्हायची काय गरज होती? मुलगी म्हणून कोणाला मारू नका, या एका वाक्यावर तरी सोबत चालता आले असते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 चा आकडा 807 होता. पन्नास वर्षांत आमच्या हातून झालेल्या चुकांपैकी ही मला सर्वांत मोठी वाटते, कारण इथे आमचा विश्वास आणि देशाची गरज नेमक्या एका ठिकाणी आली होती आणि आम्ही तिथे हजर नव्हतो.

आम्ही त्या वेळी अमेरिकेकडे पाहत होतो. तिथून पुस्तके, मासिके, कॅसेट येत. फ्रान्सिस शेफर यांची पुस्तके मी वाचली ती त्याच काळात. अजन्म्या जिवाविषयी माझी मते पक्की झाली त्यात त्यांचा वाटा आहे. तिथले आमच्या मताचे लोक राजकारणात उतरले होते, जिंकत होते, आणि आम्हा मूठभर लोकांना त्याचे अप्रूप वाटत होते. पण त्यांच्या वाटेचा नंतर शोध घेतला तेव्हा आधी ठाऊक नसलेल्या बऱ्याच गोष्टी कळल्या.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 22 जानेवारी 1973 रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरवला. आमच्यासारखे प्रॉटेस्टंट परंपरावादी त्या दिवशी पेटून उठले असतील, अशी माझी समजूत होती. उठले ते मुख्यतः कॅथलिक. सदर्न बॅप्टिस्ट या तिथल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने 1971 मध्येच ठराव करून काही परिस्थितींत गर्भपाताला कायदेशीर मुभा असावी असे म्हटले होते. जेरी फॉलवेल या व्हर्जिनियाच्या पाळकांनी 1965 मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीवर बोलताना, पाळकाचे काम राजकारण नव्हे, आत्मे जिंकणे आहे, असा उपदेश केला होता. त्याच फॉलवेल यांनी 1979 मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ काढली. काळ्या बांधवांच्या हक्कासाठी पाळकाने रस्त्यावर येऊ नये आणि आपल्या प्रश्नासाठी यावे, हा फरक माझ्या नजरेत खुपतो, कारण आमचे 1976 आणि 1979 मला तसेच दिसते.

तिथल्या परंपरावाद्यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिला माणूस निवडला होता तो आपल्यातलाच. जिमी कार्टर बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेचे शिक्षक, नव्याने जन्म पावलो असे निवडणुकीच्या भाषणांतही सांगणारे. त्यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी परिचारिका म्हणून पीस कोअरमधून मुंबईला आल्या आणि 1966 ते 1968 विक्रोळीला कुष्ठरोग्यांसह गरिबांची शुश्रूषा करत राहिल्या. असा सेवाधर्म ज्या घरात होता, त्या घरच्या राष्ट्राध्यक्षाला 1980 मध्ये त्याच्याच धर्मबंधूंनी सोडले आणि रोनाल्ड रेगन यांना निवडले. कार्टर यांची काही धोरणे मला पटत नव्हती, गर्भपातावर तर ते फारच बोटचेपे होते. पण सत्ता सोडल्यावर त्यांनी लोकांसाठी घरे बांधली, आफ्रिकेतला नारूचा रोग हटवायला आयुष्य घातले आणि नव्वदी ओलांडेपर्यंत आपल्या खेड्यातल्या मंडळीत धडे दिले. डिसेंबर 2024 मध्ये ते शंभर वर्षांचे होऊन गेले. फळांवरून झाड ओळखायचे असेल तर मी त्यांचे झाड ओळखू शकतो.

बिली ग्रॅहम यांनी निक्सन यांच्या फार जवळ जाऊन हात पोळून घेतले होते. वॉटरगेटनंतर ते सावध झाले आणि पुढे धार्मिक उजव्यांनाही सावध करत राहिले. 1999 मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’त फॉलवेल यांच्या बरोबर काम केलेल्या कॅल थॉमस आणि एड डॉब्सन यांनी एक पुस्तक लिहून कबुली दिली की सत्तेने आपले डोळे दिपवले. ती कबुली कोणी मनावर घेतली नाही. जॉर्ज बुश धाकटे आले. त्यांनी 2003 मध्ये एचआयव्हीग्रस्तांसाठी पंधरा अब्ज डॉलरची योजना आणली, आफ्रिकेत लक्षावधी लोकांना औषधे मिळाली, आणि परंपरावादी ख्रिस्ती लोकांच्या राजकारणातून निघालेले ते सर्वांत सुंदर काम आहे असे मी म्हणेन. त्याच बुश यांनी त्याच वर्षी इराकवर स्वारी केली आणि तिथली जवळपास दोन हजार वर्षांची मंडळी देशोधडीला लागली. त्या बंधूंसाठी आमच्याकडे किती रविवार प्रार्थना झाल्या? मला दोनच आठवतात.

2016 मध्ये दर पाच गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी चारांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. अहाब राजापुढे चारशे संदेष्टे एका सुरात विजयाचे भाकीत करत होते आणि एकटा मीखाया वेगळे बोलला, ती राजांच्या पुस्तकातली गोष्ट आम्ही मुलांना शिकवतो. ट्रम्प यांच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या पाळकांची छायाचित्रे पाहताना मी मीखायाला शोधत असे. रसेल मूर यांच्यासारखे काही होते, त्यांनी त्याची किंमतही मोजली. जून 2022 मध्ये ‘रो’चा निकाल फिरला. ती बातमी ऐकून मी गुडघे टेकले. ते मी लपवणार नाही. पण मनुष्याच्या मनातला निकाल फिरला नव्हता, आणि पुढे काही राज्यांत लोकांनी मतदानाने उलटा कौल दिला. 2024 मध्ये खुद्द रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीचे जुने वचन काढून टाकले. 2025 च्या जानेवारीत परदेशी मदत थांबवण्याचा आदेश निघाला आणि बुश यांची ती औषधांची योजनाही अडचणीत आली. पंचेचाळीस वर्षे त्या पक्षाला वाहिल्यावर हाती काय राहिले, ते तिथल्या बंधूंनी प्रामाणिकपणे मोजावे.

परके म्हणालो ते हे. श्रद्धा नव्हे, पक्षाच्या झेंड्याखाली वधस्तंभ बांधण्याची रीत. ती आपण आयात करू नये. आणि रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा पगाराच्या दोरीने बांधलेली मंडळी मोकळी होत नाही हे त्यांनी कधीच ओळखले होते. परदेशी पैशावरचे निर्बंध 2010 आणि 2020 मध्ये कडक झाले, तेव्हा अनेकांनी हंबरडा फोडला. त्या कायद्यात अन्याय आहेच, चांगल्या दवाखान्यांना आणि वसतिगृहांनाही त्याचा फटका बसतो. तरी टिळकांचे आपण शंभर वर्षे ऐकले नाही, हेही तितकेच खरे.

1999 च्या जानेवारीत ओरिसातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, जीपमध्ये झोपलेली असताना जाळली गेली. कुष्ठरोग्यांची सेवा करणारा तो माणूस माझ्याच मताचा होता, शास्त्र अक्षरशः मानणारा. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, मुलीसह तिथेच राहिल्या, कुष्ठरोग्यांचे काम पुढे नेले. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाती ना पक्ष होता ना मतपेढी. आमच्या शाळेतल्या एका वयस्क हिंदू सहकाऱ्यांनी तेव्हा स्टाफरूममध्ये सर्वांसमोर मला विचारले, मास्तर, ही बाई हे कशाच्या बळावर करते? नोकरीच्या छत्तीस वर्षांत येशूविषयी मला कोणी आपण होऊन विचारलेला तो एकच प्रश्न.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. घटस्फोटाचा 1869 चा कायदा ख्रिस्ती पत्नीवर उघड अन्याय करत होता. नवऱ्याला व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला त्यासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यावर बोट ठेवले, 2001 मध्ये संसदेने दुरुस्ती केली. विवाह जन्मभराचा मानणाऱ्या माझ्यासारख्याने ती दुरुस्ती मागायला हवी होती, कारण मार खाणाऱ्या बाईला बांधून ठेवणे म्हणजे विवाहाचे रक्षण नव्हे. मला ते उशिरा कळले.

दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न तसाच लोंबकळत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, आम्हाला नाही. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ती अट काढावी असे सुचवले, 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. मागणी न्याय्य आहे. पण ती मांडताना आपल्या मंडळीत आडनाव विचारून सोयरिकी ठरतात, काही गावांत दफनभूमीचे कोपरेही जातीने वाटलेले आहेत, हे आधी देवासमोर कबूल करायला हवे. बाप्तिस्म्याने जात जाते असे मी शिकवत आलो आणि माझ्या डोळ्यांदेखत ती गेली नाही.

आणि जमिनी. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या शाळा, बंगले, मैदाने यांच्यावरून कोर्टात आपसांत झगडणारे आम्हीच, रात्रीतून सह्या करणारे आमचेच. एका मालमत्तेच्या विक्रीवर मी पंच म्हणून आक्षेप घेतला, तर पुढच्या निवडणुकीत माझे नाव यादीतून गेले. अहाब राजाने बळकावलेल्या नाबोथाच्या मळ्यावर मी किती तरी वेळा उपदेश ऐकला आहे. अहाबाच्या जागी आपण स्वतः आहोत असे म्हणणारा उपदेशक अजून ऐकायचा आहे. पोटातल्या मुलावर आपण बोलावे आणि लोकांनी ते ऐकावे असे वाटत असेल, तर जमिनीच्या व्यवहारात आपले हात स्वच्छ असावे लागतील.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॅथलिक होते, मी प्रॉटेस्टंट. आमच्यात शिकवणुकीचे अंतर मोठे आहे. पण ‘हरित वसई’च्या चळवळीत बिल्डर आणि पुढारी दोघांशी त्यांनी सामना दिला, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ख्रिस्ती धर्मगुरूकडे नको असा विरोध झाला तरी ते आजारी शरीराने तिथे गेले. 2024 च्या जुलैत ते वारले. धर्मगुरूने सार्वजनिक जीवनात कसे उभे राहावे याचे उदाहरण मला अमेरिकेत शोधावे लागले नाही. ते वसईत होते.

आमचे शहर आता अहिल्यानगर झाले. निवडणूक जवळ आली की नाताळच्या कार्यक्रमाला उमेदवार येतात, दफनभूमीला कुंपण घालून देतो म्हणतात, आम्ही त्यांना शाल पांघरतो आणि दोन शब्द बोलण्यासाठी वेदीशेजारी उभे करतो. सर्व पक्षांचे येतात, आणि आम्ही सर्वांना उभे करतो. कुंपण अजून अर्धेच आहे.

पाळकांना आणि पंचांना माझी हात जोडून विनंती आहे. उमेदवार येऊ देत, त्यांना बाकावर बसवा, चहा द्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, तुमचे प्रश्न त्यांना अंगणात विचारा. पण पुलपीट त्यांना देऊ नका, आणि मत कोणाला द्यावे हे तुम्हीही तिथून सांगू नका.